फोटोत आपलं काही यावं म्हणून: उजेडाचा अभ्यास आणि स्वतःला घातलेल्या अटी

प्रश्न थोडक्यात असा: कॅमेरा घेऊन तीन-चार वर्षं झाली, ॲपर्चर (लेन्समधलं छिद्र), शटर (उजेड आत येण्याचा वेळ), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) यांचं गणित बसलं आहे, फोटो स्पष्ट येतात, घरचे आणि मित्र कौतुकही करतात. पण आपलेच फोटो एका ओळीत लावून पाहिले की ते दुसऱ्या कुणीही काढलेले असू शकतात असं वाटतं. सर्जनशीलता वाढवता येते का? येत असेल तर सराव कसा करायचा? आणि आता ८५ एमएमची लेन्स, म्हणजे चेहरा जवळ आणणारी आणि मागचं सहज धूसर करणारी, घ्यावी का?

लेन्सचं शेवटी बघू. सर्जनशीलता वाढवता येते, याबद्दल मला शंका नाही. पुण्यात वस्तूंचे आणि माणसांचे फोटो काढणं हा माझा व्यवसाय, आणि नव्या लोकांना शिकवतानाही मी ती वाढताना पाहिली आहे. ज्यांची वाढली त्यांच्यात दोन गोष्टी सारख्या दिसल्या. त्यांनी विषयामागे हिंडणं कमी केलं आणि उजेडाकडे बघायला सुरुवात केली. शिवाय त्यांनी स्वतःला एखादी अट घातली, तीही अशी की त्यांची हमखास चालणारी युक्तीच त्या अटीने बंद झाली. माझा जास्त भर या दुसऱ्या गोष्टीवर आहे. आव्हानं घेणारे पुष्कळ भेटतात. स्वतःची आवडती वाट बंद करणारे फार थोडे.

सुरुवातीचं काम कॅमेऱ्याशिवायचं आहे. गेल्या वर्षभरातले स्वतःला आवडलेले वीस-पंचवीस फोटो काढा आणि प्रत्येकाखाली एवढंच लिहा: उजेड कुठल्या बाजूने येतोय, आणि सावलीची कड धारदार आहे की विरलेली. बहुतेकांच्या यादीत एकच उत्तर पुन्हापुन्हा येतं. कुणाचं सगळं मावळतीचं, माणूस काळा आणि मागे केशरी आकाश. कुणाचं सगळं ढगाळ, सपाट आणि मागचं धूसर केलेलं. कुणाचा सूर्य कायम स्वतःच्या पाठीशी, कारण लहानपणी घरात कुणीतरी सांगितलेलं असतं की उन्हाकडे पाठ करून फोटो काढावा. अट कुठली घालायची ते ही यादीच सांगते, म्हणून ती जपून ठेवा.

आता उजेडाबद्दल. या विषयावरची बहुतेक पुस्तकं आणि व्हिडिओ युरोप-अमेरिकेतल्या सूर्यावर बेतलेले असतात आणि आपल्याकडे ते जसेच्या तसे लागू पडत नाहीत. ‘गोल्डन अवर’ घ्या, म्हणजे सूर्य उगवल्यानंतरचं आणि मावळण्याआधीचं सोनेरी ऊन. लंडनला सूर्य तिरका चढतो, तिरका उतरतो, त्यामुळे सोनेरी ऊन बराच वेळ रेंगाळतं. पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे सूर्य बराचसा सरळ वर येतो आणि क्षितिजापासून सहा अंश चढायला त्याला अर्धा तासही लागत नाही. तासभर हाताशी आहे असं धरून टेकडी चढायला घेतलीत तर वर पोहोचेपर्यंत ऊन पांढरं झालेलं असतं.

‘दुपारी फोटो काढू नका’ हा सल्लाही अर्धाच खरा आहे. मेच्या मध्याला पुण्या-मुंबईत सूर्य बरोबर डोक्यावर येतो, खांबाची सावली खांबाच्या बुडाशी गोळा होते. हेच शून्य सावलीचे दिवस. जुलैअखेरीस ते पुन्हा येतात, पण तेव्हा बहुधा ढग असतात. अशा उन्हात माणसाच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि नाकाची सावली ओठांवर येते. डिसेंबरात मात्र पुण्यात ऐन दुपारीही सूर्य क्षितिजापासून ५० अंशांच्या वर जात नाही. तो उजेड भिंतीचा पोत दाखवतो, चेहऱ्याला एक बाजू देतो. हिवाळ्यातल्या दुपारी कॅमेरा पिशवीत ठेवणारे लोक वर्षातला सगळ्यात जास्त वेळ टिकणारा चांगला उजेड सोडून देतात, असं माझं ठाम मत आहे.

उत्तरेच्या खिडकीचंही तसंच. जुन्या चित्रकारांच्या स्टुडिओला उत्तरेकडे मोठी खिडकी असे, कारण युरोपात कामाच्या वेळात तिच्यातून थेट ऊन येत नाही आणि उजेड जवळजवळ एकसारखा राहतो. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. आपल्याकडे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य दुपारीसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि ढग नसतील तेव्हा सकाळ-संध्याकाळ त्या खिडकीतून ऊन सरळ आत शिरतं. आपल्या घरात कधी कुठे काय होतं हे बाहेरून कुणी सांगू शकत नाही. ते बघावंच लागतं.

म्हणून मी आधी घरातल्या उन्हाची वही ठेवायला सांगतो. आठवड्यातला एक वार आणि एक वेळ ठरवा, समजा रविवारी सकाळी साडेआठ. जमिनीवर किंवा भिंतीवर उन्हाचा जो चौकोन पडतो त्याच्या एका कोपऱ्यावर खडूने खूण करा, शेजारी तारीख लिहा. पुण्याच्या अक्षांशावर सूर्योदयाची जागा वर्षभरात क्षितिजावर जवळपास ५० अंश सरकते, त्यामुळे महिन्याभरातच खुणांची रांग तयार होते. कोल्हापूरला अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि पुन्हा जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला मावळतीची किरणं गाभाऱ्यातल्या मूर्तीपर्यंत पोहोचतात, तो किरणोत्सव. वर्षातून दोनदा का, तर सूर्य दक्षिणेला जाताना ज्या जागी मावळतो तिथेच परतीच्या वाटेवर पुन्हा मावळतो. २१-२२ डिसेंबरच्या अलीकडे आणि पलीकडे ते दिवस जवळपास सारख्या अंतरावर आहेत. तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीलाही असे दोन मोसम असतात. मांडणीवरच्या पितळी डब्यांवर ऊन कधी येतं हे एकदा वहीत आलं की पुढच्या वेळी तुम्ही कॅमेरा घेऊन आधीच तयार असता.

उजेड कठोर की मऊ, हे त्याच्या उगमाचा आकार वस्तूच्या जागेवरून केवढा दिसतो त्यावर ठरतं. सूर्य अवाढव्य असला तरी आपल्याला आकाशात अर्ध्या अंशाचाच दिसतो, म्हणून सावलीची कड धारदार. ढग आले की सगळं आकाशच उजेडाचा उगम होतं आणि कड विरते. याचा सगळ्यात सुंदर पुरावा म्हणजे कवडसा. कौलातल्या बारीक फटीचा आकार कसाही असला तरी खाली पडणारा कवडसा गोल असतो, कारण ती सूर्याची प्रतिमा असते. फट लहान असेल आणि ऊन सरळ खाली येत असेल तर छपरापासून तीन मीटर खाली ती साधारण पावणेतीन सेंटिमीटरची पडते. झाडाखालचे गोल ठिपकेही तेच, आणि खंडग्रास ग्रहणात त्यांच्या कोरी होतात. छायाचित्रकाराने हे जाणून का घ्यायचं? कारण मग झाडाखाली उभ्या माणसाच्या चेहऱ्यावर ठिपके पडले की तुम्ही कंटाळून त्याला दुसरीकडे नेत नाही. कुठला ठिपका डोळ्यावर घ्यायचा हे ठरवू लागता.

माणसांचे फोटो काढायचे असतील तर जुन्या वाड्याची ओसरी हा मी पाहिलेला सगळ्यात चांगला स्टुडिओ. चौकातला आकाशाचा उजेड समोरून येतो, वर छप्पर असल्यामुळे डोक्यावरचं कडक ऊन अडतं, चौकातली फरशी खालून थोडा उजेड परत पाठवते म्हणून हनुवटीखाली काळोख साचत नाही, आणि पाठीमागे माजघराचा अंधार आपोआप पडदा होऊन उभा राहतो. वाडा मिळाला नाही तरी बिघडत नाही. इमारतीच्या पार्किंगची कड, अर्ध्या उघड्या शटरखालची दुकानाची पायरी, एसटी स्टँडच्या छपराची कड, सगळीकडे हेच घडतं. माणसाला कडेपासून एक पाऊल आत उभं करा, एक फोटो. मग तीन पावलं आत, मग सहा. कडेजवळ चेहरा उजळ आणि मागचं काळं येतं. आत जाल तसा चेहरा आणि मागची भिंत यांतला फरक कमी होत जातो. मागचं काळं हवं की दिसायला हवं, हे तुम्ही आता माणूस कुठे उभा करायचा यावरून ठरवू शकता, एडिटिंगमध्ये नाही.

इथे एक अडथळा आहे आणि तो तुमच्या हातातच आहे. कॅमेरा काय किंवा फोन काय, दोघंही उजेडातला फरक पुसायला बसलेले असतात. कॅमेऱ्याचा मीटर, म्हणजे उजेड मोजणारा भाग, समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. पांढऱ्या धोतरातले आजोबा त्यामुळे मळकट येतात आणि काळी म्हैस राखाडी येते. म्हशीच्या पाठीवर बगळा बसला असेल तेव्हा मीटरवर सोडून बघा, मग स्वतः एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) ठरवून बघा: बगळ्याच्या पिसांतला तपशील राखायचा आणि म्हशीला काळी राहू द्यायची. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग आपोआप सुधारणारी सोय, तीही अशीच. पणतीचा तांबूस रंग, सावलीतला निळा रंग, ट्यूबलाइटचा हिरवट रंग, सगळे ओढून पांढऱ्याच्या जवळ आणायचं हेच तिचं काम. फोन तर एका क्षणात अनेक फोटो घेऊन त्यांची बेरीज करतो आणि सावल्या उजळून ठेवतो. तेव्हा एक महिना व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर, म्हणजे ५५०० केल्व्हिनच्या आसपास कायम ठेवा. फोन असेल तर एचडीआर (फोटोंची ही बेरीज करणारी सोय) आणि नाइट मोड बंद करता येत असतील तर करा, स्क्रीनवर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा आणि उजळ भागात तपशील दिसेपर्यंत खाली ओढा. सुरुवातीला फोटो ‘बिघडलेले’ वाटतील. पण संध्याकाळी खिडकीचा निळा आणि दिव्याचा पिवळा उजेड एकाच चेहऱ्यावर कसे भेटतात, हे तुम्हाला पहिल्यांदा दिसेल.

आता अटी. मी सगळ्यात जास्त वेळा दिलेली अट म्हणजे स्टीलचा तांब्या. एक खिडकी, एक तांब्या, सात दिवस, दुसरा कुठलाही दिवा नाही आणि तांब्यात फोटो काढणारा दिसता कामा नये. ऐकायला बालिश वाटते. पहिल्या दिवशी तांब्यात तुम्ही दिसता, मागे पंखा, बाजूला कॅलेंडर. दोन दिवस माणूस स्वतःला लपवण्यातच घालवतो. मग लक्षात येतं की चकचकीत वस्तूला स्वतःचा असा चेहराच नसतो. ती ज्याच्याकडे तोंड करून आहे तेच आपण टिपत असतो. म्हणजे तांब्याचा फोटो काढायचा तर तांब्याभोवती काय ठेवायचं ते ठरवावं लागतं. खिडकीच्या काचेला ट्रेसिंग पेपर लावला की अंगावरचा तुटक चमकारा एका लांब, मऊ पट्ट्यात बदलतो. दोन्ही बाजूंना काळे कार्डशीट उभे केले की कडा रेखल्यासारख्या उठून येतात. पांढरा कागद जवळ आणला की पोटाला उजेड मिळतो. पाचव्या-सहाव्या दिवशी लोक काचेवरच्या कागदातून मुद्दाम एक पट्टी कापतात, तांब्यात खिडकीचे गज वाकलेले दिसू देतात, त्यात पाणी भरून पृष्ठभागावरचं आकाश टिपतात. त्या दिवसापासून कुठल्याही दोन शिकणाऱ्यांचे फोटो एकमेकांसारखे येत नाहीत. पुढच्या आठवड्यात तिथेच मातीचं मडकं ठेवा. तिथे चमक नाही, फक्त उजेडाकडून सावलीकडे जाणारा उतार आहे, आणि तांब्यासाठी शिकलेलं जवळजवळ काहीच चालत नाही.

अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टनने १९३० मध्ये ढोबळ्या मिरचीचा जो प्रसिद्ध फोटो काढला, त्यात ती मिरची एका पत्र्याच्या नरसाळ्याच्या तोंडात ठेवलेली होती. नरसाळ्याच्या आतल्या वक्र पत्र्यावरून उजेड सगळ्या बाजूंनी मिरचीवर आला आणि तिची वळणं शरीरासारखी उमटली. त्या फोटोचं नाव ‘पेपर नंबर ३०’ (इंग्रजी pepper, म्हणजे मिरची). मिरची हा विषय त्याने त्या आधी कितीतरी वेळा हाताळला होता. नरसाळं सापडलं ते त्या सातत्यामुळे, असं मला वाटतं. मिरच्या, कोबी, शिंपले असे दहा विषय एका आठवड्यात संपवणाऱ्याला नरसाळ्याची गरजच भासली नसती.

दुसरी अट ज्योतीची. खोलीत एकच पणती किंवा निरांजन, बाकी पूर्ण अंधार, आणि ज्योत स्वतः फ्रेममध्ये दिसता कामा नये. भर दुपारच्या उन्हात ॲपर्चर एफ/१६ (आकडा मोठा तसं छिद्र लहान), आयएसओ १०० आणि १/१२५ सेकंदाच्या आसपास शटर असं जुनं माप आहे. पणतीजवळच्या चेहऱ्यासाठी एफ/२, आयएसओ १६०० आणि १/६० पासून सुरुवात करून बघा. दोन्हींमध्ये सुमारे अकरा स्टॉपचं अंतर आहे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), म्हणजे उजेडात दोन हजार पटींच्या आसपास फरक. पण इथे खरा धडा अंतराचा आहे. ज्योतीसारख्या लहान उगमापासून दुप्पट दूर गेलात की उजेड एक चतुर्थांश उरतो. चेहरा वीतभर अंतरावर असेल तर खांद्यापर्यंत येता येता अंधार होतो, मागची भिंत नाहीशी होते. चेहरा तीन हात दूर नेलात तर भिंतही जवळजवळ तेवढीच उजळते, सगळंच मंद होतं. एका पणतीने खोली लहानमोठी करता येते.

या अटीबरोबर एक चित्र बघायला सांगतो. सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी १९४५-४६ च्या सुमारास आपल्या मुलीला समोर उभं करून ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र जलरंगात केलं. ते म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. एका हातात दिवा, दुसरा हात ज्योतीच्या आड. बोटांच्या कडांतून लालसर उजेड झिरपतो, चेहरा त्यावर उजळतो आणि डोक्याच्या मागे अंधार आहे. त्याची नक्कल करायची, अगदी तशीच. नक्कल करायला कमीपणा मानू नका. बोटं किती मिटली की लाली येते, तळहात ज्योतीपासून किती दूर हवा, चेहरा किती झुकला की डोळ्यांत ठिणगी येते, हे सगळं करून बघताना कळतं. मग त्यातली एकच गोष्ट बदला. हाताऐवजी ज्योतीआड दुधाचा काचेचा ग्लास ठेवा, आईचा पदर धरा (ज्योतीपासून सुरक्षित अंतरावर), वर्तमानपत्र धरा. नक्कल करून झाल्यावर बदललेल्या त्या एका गोष्टीत तुमचं काम सुरू होतं.

तिसरी अट दुपारची: बारा ते तीन, तेही एप्रिल-मे महिन्यात, भाजी बाजारात. ज्यांना सकाळच्या कोवळ्या उन्हाची सवय आहे त्यांच्यासाठी. या वेळी थेट उन्हात काही मिळत नाही म्हणून डोळे परावर्तित उजेडाकडे वळतात. समोरच्या पिवळ्या भिंतीवरून उजेड येऊन भाजीवालीच्या गालावर पिवळा पडतो. निळ्या ताडपत्रीखाली टोमॅटो जांभळट होतात आणि शेजारच्या नारिंगी ताडपत्रीखाली तेच पेटल्यासारखे दिसतात. ताडपत्रीला भोक असेल तर खालच्या कोथिंबिरीच्या एकाच जुडीवर ऊन पडतं आणि दहा मिनिटांत पुढच्या जुडीवर सरकतं. तिथे थांबायचं. भाजीवाल्यांशी बोलायचं, फोटो काढू का विचारायचं, काढल्यावर दाखवायचा. उजेडाच्या नादात माणूस विसरलात तर फोटोतही ते दिसतं.

याखेरीज महिनाभर एकच फोकल लेन्थ (म्हणजे झूम न करता एकच लेन्स), दिवसाला फक्त ३६ फोटो, वस्तू फ्रेमबाहेर आणि सावली आत, अशा अटी तुम्ही ऐकल्या असतील. चांगल्या आहेत, करा. ‘वर्षभर रोज एक फोटो’ हा प्रकार मात्र मी सुचवत नाही. रात्री साडेअकराला आठवण होते आणि चहाच्या कपाचा फोटो काढून दिवस भरला जातो. ‘या आठवड्याचा विषय: लाल रंग’ अशा आव्हानांचंही मला फारसं पटत नाही, कारण त्यात माणूस लाल वस्तू गोळा करतो, आणि त्याची जुनी सवय तशीच राहते. केशरी आकाशापुढे काळा माणूस काढणारा आता लाल छत्रीवाला काळा माणूस काढतो.

अट कशी घालायची हे चांगलं समजून घ्या, कारण पुढे ती तुमची तुम्हालाच घालायची आहे. पहिल्या यादीत जे सगळ्यात जास्त वेळा आलं ते बंद करा. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीचे सगळे फोटो नदीकाठचे, सूर्यास्ताचे होते आणि खरोखर छान होते. तिला सांगितलं, जागा आणि वेळ तीच ठेव, पण फ्रेममध्ये आकाशाचा तुकडासुद्धा नको. पहिले दोन आठवडे ती वैतागली, फोटो कंटाळवाणे आले. मग एका संध्याकाळी तिचं लक्ष पुलाच्या कमानीच्या आतल्या बाजूकडे गेलं. मावळतीचं ऊन पाण्यावरून उसळून कमानीच्या दगडांवर हलत्या रेषा काढत होतं. सूर्य नाही, आकाश नाही, पण त्या फोटोत संध्याकाळ होती. त्यानंतर तिने घाटाच्या ओल्या पायऱ्या घेतल्या, नावाड्याच्या चेहऱ्यावर खालून येणारा पाण्याचा उजेड घेतला. जागा आणि वेळ न बदलता तिचे फोटो बदलले, हे मला महत्त्वाचं वाटतं. तिला लडाखला पाठवलं असतं तर तिने तिथेही केशरी आकाशच आणलं असतं.

अट एका वाक्यात सांगता आली पाहिजे आणि मोडली की लगेच कळली पाहिजे. ‘उजेडाचा सर्जनशील वापर करीन’ ही अट नाही. ‘तीन आठवडे फक्त परावर्तित उजेड, थेट ऊन पडलेली एकही जागा फ्रेममध्ये नाही’ ही अट आहे. मुदत ठरवा आणि शेवटी किती फोटो बाजूला काढायचे तेही ठरवा, नऊ पुरेत. मधे एक टप्पा नक्की येतो जिथे सुचणं थांबतं, सगळं काढून झालं असं वाटतं. तो टप्पा यावा म्हणूनच अट घातलेली असते. सुरुवातीला जे सुचतं ते बहुतेक आपण कुठेतरी पाहिलेलं असतं, ते संपायला वेळ लागतो. सर्वांत जास्त लोक इथेच अट बदलतात. बदलू नका, मुदत संपू द्या.

बाहेरून आलेली अडचणही अट होऊ शकते. चेक छायाचित्रकार योसेफ सुदेक यांचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला होता. दुसऱ्या महायुद्धात प्राग जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर बाहेर कॅमेरा घेऊन फिरणं अवघड झालं, तेव्हा १९४० पासून ते आपल्या स्टुडिओच्या खिडकीचेच फोटो काढू लागले आणि १९५४ पर्यंत काढत राहिले. काचेवर साचलेलं दव, गोठलेलं बर्फ, बाहेरचं वाकडं झाड, खिडकीच्या फळीवर ठेवलेला पाण्याचा पेला. युद्ध संपल्यावरही त्यांनी ती खिडकी सोडली नाही. याच्या उलट जर्मनीतल्या बेर्न्ड आणि हिला बेखर या दांपत्याने उजेडाचं नाट्य जवळजवळ पूर्ण वर्ज्य केलं. जुन्या कारखान्यांचे मनोरे आणि पाण्याच्या टाक्या त्यांनी अनेक दशकं ढगाळ आकाशाखालीच, समोरून, सारख्याच पद्धतीने टिपल्या, म्हणजे सावली विचलित करणार नाही आणि आकारांची तुलना करता येईल. मला स्वतःला सुदेक जवळचे वाटतात. पण बेखरांकडून शिकण्यासारखं हे आहे की सपाट उजेडही निवडलेला असू शकतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आकाश असंच असतं. गावातल्या पाण्याच्या टाक्या, बसथांबे, पिठाच्या गिरण्या, कुणी तरी हे काम पावसाळ्याच्या उघडिपीत करावं असं मला फार वाटतं.

निवडीबद्दल थोडं. मुदत संपली की फोटो संगणकावर इतके लहान करून बघा की चेहरे, वस्तू ओळखू येऊ नयेत, फक्त उजळ आणि गडद आकार दिसावेत. जो फोटो एवढासा असतानाही डोळा धरून ठेवतो त्यात उजेडाने काही काम केलेलं असतं. मग नऊ निवडा आणि साध्या पोस्टकार्ड आकारात प्रिंट काढा. स्क्रीन मागून उजळलेली असते, तिच्यावर सावल्याही चमकतात. कागदावर अंधार अंधारासारखा दिसतो. ते प्रिंट टेबलावर मांडून अशा एकाच माणसाला दाखवा जो ‘मस्त’ म्हणून सोडून देणार नाही. त्याला आवडले का ते विचारू नका, आधी कशावर नजर गेली ते विचारा. उत्तर तुमच्या मनातल्या जागेशी जुळलं नाही तर वाद घालू नका, तो प्रिंट बाजूला ठेवून पुन्हा बघा. समाजमाध्यमांवर टाकायचे असतील तर मुदत संपल्यावर टाका. मधेच टाकले की ज्याला दाद मिळाली तसेच आणखी काढावेसे वाटतात आणि घातलेली अट नकळत सैल होते.

आता लेन्स. तुम्हाला ८५ एमएम हवीशी वाटते त्यावरून मागचं धूसर करणं ही तुमचीही सवय असावी असा माझा अंदाज आहे. यादी केलीत की कळेल. तसं असेल तर ८५ एमएम ती सवय आणखी पक्की करेल, म्हणून आत्ता घेऊ नका. आत्ता दोन काळे आणि दोन पांढरे कार्डशीट, ट्रेसिंग पेपरचा एक मोठा ताव, चिकटपट्टी आणि जमलं तर एक साधा ट्रायपॉड घ्या. तांब्यापासून सुरुवात करा, ज्योत दिवाळीपर्यंत थांबू शकते. माणसांवर काम करताना ओसरीच्या किंवा छपराच्या कडेला पुन्हापुन्हा असं जाणवलं की चेहरा हवा तसा भरायला तुम्हाला फार जवळ जावं लागतंय आणि समोरचा माणूस अवघडतोय, तर ती लेन्स जरूर घ्या. आधी एका आठवड्यासाठी भाड्याने आणून बघा, पुण्या-मुंबईत लेन्स सहज भाड्याने मिळतात.